रयतेचा पैसा आणि रयतेची शाळा

सरकारी तिजोरींत जो पैसा पडतो तो आकाशांतून पडत नाहीं. शेतकऱ्याच्या रानांतून, शिंप्याच्या सुईंतून, लोहाराच्या भात्यांतून आणि मजुरणीच्या पाटींतून तो गोळा होतो. सायकलीची ट्यूब घेतली, सिमेंटचें एक पोतें घेतलें, कीं किंमतीबरोबरच कर भरला जातो; तो किती भरला हें मात्र घेणाऱ्याला कळतही नाहीं. फार काय, मुलाच्या वहीवर सुद्धां २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत शेंकडा १२ कर होता! पोर अक्षर गिरवावयास बसलें कीं पहिल्या रेघेपासूनच सरकारचा वांटा सुरू. असो, तो कर आतां उठला आहे, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाहीं.

या पैशापैकीं मोठा भाग शिक्षणाच्या नांवानें खर्च पडतो, आणि तो पडावयासच पाहिजे. शिक्षणावर खर्च करूं नये असें म्हणणारा मनुष्य आमच्या मतें बहुजनसमाजाचा उघड वैरी होय. परंतु खर्च झाला कीं शिक्षण झालें असें समजून स्वस्थ बसणारे आमच्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या भोळेपणानेंही आमचें कांहीं कमी नुकसान केलेलें नाहीं. तेव्हां आज आम्ही हाच प्रश्न हातीं घेतों कीं, रयतेच्या शाळेवर रयतेचा जो पैसा खर्च होतो तो नीट खर्च होतो काय, आणि होत नसेल तर गळती कोठें आहे?

हा प्रश्न रोखठोकपणें विचारला तो जोतीराव फुले यांनीं. १८८२ सालच्या आक्टोबरांत हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें लेखी निवेदन ठेविलें, त्यांतील मुख्य तक्रार हीच होती कीं, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामांतून निघतो आणि शिक्षणखात्याचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहतो. त्या काळीं साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड म्हणून शेतकऱ्याकडून निराळा घेत आणि त्यांतील तिसरा हिस्सा शाळांकरितां राखीत. आणा शेतकऱ्याचा, पण शाळा पुष्कळ खेड्यांत नव्हतीच, आणि जेथें होती तेथील पंतोजीस कुणब्यामाळ्यांच्या पोरांविषयीं आस्था नव्हती. जोतीरावांनीं कमिशनला सांगितलें कीं, नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरावयास ज्याला लाज वाटणार नाहीं असा मास्तर याच वर्गांतून तयार करा, आणि त्याला निदान बारा रुपये पगार द्या. खर्च किती करावा एवढें सांगून ते थांबले नाहींत. तो कोणाच्या हातून आणि कोणाकरितां व्हावा हेंही त्यांनीं त्याच दमांत सांगितलें.

पुढें बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं सबंध राज्यांत आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचें ठरविलें. मुंबई इलाख्यांत १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा लोकलबोर्डांच्या व म्युनिसिपालिट्यांच्या हातीं गेल्या. १९६२ सालच्या महाराष्ट्रदिनीं जिल्हा परिषदा आल्या, आणि शाळा वाड्यावस्त्यांवर पोंचली. शेतकऱ्याचा जो पहिला मुलगा तलाठी झाला, मास्तर झाला, फौजदार झाला, तो बहुतकरून याच शाळेच्या शेणानें सारवलेल्या जमिनीवर बसून झाला. शेवटीं २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी असें ठरलें.

हल्लीं मात्र उलटी हाकाटी सुरू झाली आहे. लहान शाळा परवडत नाहींत! २०१७ सालच्या डिसेंबरांत दहापेक्षां कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिळविण्याचें सरकारनें ठरविलें. २०२२ सालीं वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची मोजदाद झाली, आणि २०२३ सालीं अशा शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविण्यांत आले; त्याकरितां पुणें जिल्ह्यांतील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ यांचे दाखले देण्यांत आले. गांवोगांवच्या पालकांनीं व शिक्षकांनीं ओरड केली तेव्हां प्रकरण थंडावलें. तें मेलें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां हिशेब पाहूं, आणि प्रामाणिकपणें पाहूं. २०२२ च्या मोजदादींत अशा शाळा १४,७८३ भरल्या. त्यांत मुलें सुमारें १ लाख ८५ हजार, शिक्षक सुमारें २९ हजार ७००. म्हणजे शाळेमागें बारा-तेरा मुलें, आणि शिक्षकामागें सहा. कायद्याच्या प्रमाणांत प्राथमिक वर्गांस तीस मुलांमागें एक शिक्षक धरलेला आहे. तेव्हां मुंबईचा कारकून कागदावर भागाकार करून म्हणतो कीं, येथें एका मुलावर पांचपट खर्च होतो; तर त्याचा भागाकार आम्ही चूक म्हणत नाहीं. चारपांच मुलांच्या शाळेंत खेळावयास गडी मिळत नाहीं, पुढें जाणाऱ्यास बरोबरी करावयास सोबती मिळत नाहीं, हेंही खरें आहे. आईबापांना हें कळतें. म्हणूनच पिवळी गाडी वेशींत येऊं लागली कीं ते पोटाला चिमटा घेऊन मुलास इंग्रजी नांवाच्या शाळेंत घालतात, आणि गांवच्या शाळेचा पट आणखी उतरतो.

परंतु त्या भागाकारांत कांहीं आंकडे धरलेलेच नाहींत. शाळा वाडींतून उठून दोन कोसांवर गेली म्हणजे खर्च नाहींसा होत नाहीं. तो सरकारच्या वहींतून पुसला जाऊन मुलीच्या आईच्या माथीं चढतो. सात वर्षांच्या पोरीस डोंगर उतरून एकटी धाडतां येत नाहीं. बरोबर मोठें माणूस जातें, आणि त्या माणसाचा रोज बुडतो. आषाढांत ओढा भरला कीं आठ दिवस शाळा नाहीं. ऊसतोडीहून परतलेलें बिऱ्हाड पोरांना पुन्हां शाळेंत बसवितें तें शाळा दारांत आहे म्हणून. ती लांब गेली तर थोरली पोर धाकट्याला सांभाळावयास घरींच राहते आणि दोन वर्षांनीं तिच्या लग्नाचें बोलणें सुरू होतें. मोटारीची सोय करूं असें सांगतात. ज्या वस्तीला एस. टी. अद्याप पोंचली नाहीं तेथें ही मोटार कोणत्या वाटेनें जाणार, हें आम्हांस कोणी समजावून द्यावें!

बरें, वांचतें तरी काय? त्या दोन शिक्षकांचा पगार शाळा मोडल्यानें वांचत नाहीं; ते दुसऱ्या शाळेंत जातात. वांचते ती पुढची भरती. म्हणजे डी.एड. होऊन घरीं बसलेल्या तुमच्याच पोराची नोकरी ही त्या बचतीची किंमत. शाळा ही मास्तरांना पगार देण्याकरितां नसते हें आम्हांस पुरतें मान्य आहे. पण बचत म्हणजे नेमकें काय वांचलें, हें तरी उघड सांगावें. पगाराखेरीज अशा शाळेवर खर्च तो किती? तीसपर्यंत मुलें असलेल्या शाळेस समग्र शिक्षा योजनेंतून वर्षाचें अनुदान फार तर दहा हजार रुपये. त्यांत खडू, डागडुजी, संडासाची स्वच्छता. या दहा हजारांत कोणी उधळपट्टी करूं म्हटलें तरी ती कशाची करील? त्याच शाळेच्या मास्तराकडून मतदारयाद्या, पाहण्या, आणि मोबाइलवर रोजची माहिती भरण्याचें काम घेतात. कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांशिवाय दुसऱ्या कामास शिक्षकाला जुंपतां येत नाहीं. पगार शिकविण्याचा द्यावयाचा आणि काम कारकुनाचें घ्यावयाचें, ही उधळपट्टी कोणत्या भागाकारांत धरली आहे?

मग गळती आहे कोठें? एक ताजें उदाहरण घेऊं. आमच्या शिंपी बंधूंना तें तोंडपाठ असेल.

सरकारी शाळेंतील मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात, आणि त्याकरितां मुलामागें ६०० रुपये ठरलेले होते. हा पैसा शाळेच्या व्यवस्थापन समितीकडे येई. समिती तालुक्याच्या पेठेंतून कापड आणी, गांवचा नाहीं तर शेजारच्या गांवचा शिंपी शाळेंत येऊन मापें घेई, आणि पोरांच्या अंगावर कपडा चढे. त्यांतही लबाडी होत नसे असें नाहीं. कोठें कापड हलकें, कोठें हेडमास्तराच्या मेहुण्याचें दुकान. पण सदरा आखूड झाला तर पोराची आई शिंप्याच्या दारीं जाऊन त्याला चार शब्द सुनावूं शकत असे, आणि शिंपी तो उसवून पुन्हां शिवून देत असे. आईचें हें भांडण म्हणजे एक फुकटचें आणि पक्कें ऑडिटच होतें म्हणावयाचें.

२०२४-२५ सालीं 'एक राज्य, एक गणवेश' निघाला. सर्व राज्यांत आकाशी सदरा व गडद निळी विजार. चाळीस लाखांहून अधिक मुलांचा प्रश्न. कापडाची खरेदी एकाच ठिकाणीं, ठेका वरून, आणि कापलेले तुकडे खालीं तालुक्याला. शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांनीं करावयाची. शिलाई आणि वरखर्च धरून गणवेशामागें ११० रुपये. शाळा उघडली, जून गेला, जुलै गेला. १५ ऑगस्टला झेंड्यापुढें पुष्कळ शाळांतील मुलें जुन्याच, विटक्या कपड्यांत उभीं होतीं. जेथें कापड पोंचलें तेथें कित्येक ठिकाणीं तुकडे मापाचे निघेनात. कोणाची विजार घोट्याच्या वर, तर कोणाच्या सदऱ्यांत दोन पोरें मावतील. बचतगटांतील आयाबहिणींना आम्ही यत्किंचितही दोष देत नाहीं. कापड त्यांच्या हातीं उशिरां आलें, माप त्यांनीं घेतलेलें नव्हतें, आणि मजुरी अशी कीं दोरा व वीज वजा जातां हातीं काय उरावें! शेवटीं २०२४ च्या डिसेंबरांत सरकारनें हुकूम काढून गणवेशाचें काम पुन्हां शाळासमित्यांकडे दिलें. एक वर्ष गेलें.

यांतील विचार वरवर पाहतां शहाणपणाचा होता हें ध्यानांत घेतलें पाहिजे. घाऊक खरेदी स्वस्त पडते. व्यापारी हें सांगतो, आणि तो खोटें सांगत नाहीं. पत्रे घाऊक घ्या, सिमेंट घाऊक घ्या, पुस्तकें घाऊक छापा. परंतु सातवीच्या एकाच वर्गांत एक पोरगा बापाच्या खांद्याला लागलेला असतो आणि दुसरा अजून तिसरींतला दिसतो. त्यांचें माप मंत्रालयांत बसून कोणास घेतां येणार? शिवाय सहाशें रुपये तालुक्यांत खर्च झाले असते तर त्यांतले कांहीं कापडवाल्याकडे, कांहीं शिंप्याकडे राहिले असते, आणि शिंप्यानें त्यांतून आपल्या पोराची फी भरली असती. ठेक्याच्या हिशेबांत हा रकाना नसतो.

दुसरें उदाहरण कडू आहे, आणि तें सांगतांना आम्हांस आमच्याच माणसांकडे बोट दाखवावें लागत आहे. २०११ सालच्या ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत सबंध महाराष्ट्रांत एकाच वेळीं पटपडताळणी झाली. बोटाला शाई लावून मुलें मोजलीं. १,४०४ शाळा अशा निघाल्या कीं, पटावरच्या मुलांपैकीं निम्मीं सुद्धां वर्गांत नव्हतीं. कागदावरचीं हीं मुलें जेवत होतीं, गणवेश घालीत होतीं. त्यांच्या डोक्यांवर शिक्षकांच्या जागा मंजूर होत होत्या आणि अनुदानें सुटत होतीं. डोंगरांतल्या खऱ्या बारा मुलांच्या शाळेला परवडत नाहीं म्हणून बोल लावणाऱ्या सरकारनें या खोट्या मुलांवर किती वर्षें खर्च केला असेल? खाजगी संस्थांच्याही शाळा त्यांत होत्या. आणि आज महाराष्ट्रांतील शिक्षणसंस्थांचे धनी कोण आहेत? एके काळीं या गाद्यांवर दुसरे बसत, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनीं त्यांच्याकडे हिशेब मागितला. आज पुष्कळ गाद्यांवर आमचेच जातभाई, आमच्याच मतांवर निवडून आलेले पुढारी बसले आहेत. लेखणी भावाच्या हातीं आली म्हणून हिशेब मागण्याचें सोडावें काय? भाऊ म्हणून तर अधिक कसून मागावा.

दिल्लीचें थोडक्यांत सांगतों. २००४ सालीं शिक्षणाच्या नांवानें दोन टक्के उपकर बसला, २००७ सालीं माध्यमिक व उच्च शिक्षणाकरितां आणखी एक टक्का. या दुसऱ्या उपकराचे २०१६-१७ पर्यंत ८३,४९७ कोटि रुपये जमा झाले, आणि त्याकरितां वेगळा निधि उभारलेलाच नाहीं असें देशाच्या महालेखापरीक्षकांनीं आपल्या अहवालांत नोंदविलें. निधीस मंजुरी मिळाली ती २०१७ सालच्या ऑगस्टांत! उपकराचा पैसा राज्यांना वांटून द्यावा लागत नाहीं, हें त्यांतलें आणखी एक गुह्य. लोकलफंडाच्या आण्याची ही आधुनिक आवृत्ति होय.

यावर कोणी म्हणेल कीं, हा आपल्याकडील वरून चालणाऱ्या कारभाराचा दोष आहे. जेथें शाळेची पट्टी बसविणें आणि शाळा चालविणें हीं दोन्हीं कामें गांवकऱ्यांच्याच हातीं असतात तेथें असें होत नसेल. असा देश अमेरिका होय. जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक तेथील काळ्या लोकांना दास्यांतून सोडविणाऱ्या सज्जनांना अर्पण केलें होतें. तेव्हां तेथें त्या मुक्त झालेल्यांच्या मुलांच्या शाळांचें पुढें काय झालें, ही चौकशी आमच्या वाचकांस परकी वाटूं नये.

तेथें सुमारें तेरा हजार शाळाजिल्हे आहेत. हा जिल्हा आपल्या जिल्ह्याएवढा नसतो. कोठें एक शहर, कोठें चारदोन गांवें. बहुतेक ठिकाणीं लोकांनीं निवडलेलें शाळामंडळ असतें आणि घराजमिनीच्या किंमतीवर शाळेकरितां पट्टी असते. टेक्सास राज्यांत सॅन अँटोनियो शहराच्या आसपास एजवुड व अलामो हाइट्स असे दोन शाळाजिल्हे आहेत. एजवुडांत मेक्सिकन वंशाचे गरीब कामकरी लोक, अलामो हाइट्सांत सुखवस्तु गोरे. १९६७-६८ सालीं एजवुडचे लोक शंभर डॉलर किंमतीच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट पट्टी भरीत, आणि तींतून मुलामागें अवघे २६ डॉलर निघत. अलामो हाइट्सचे लोक ८५ सेंटच भरीत, आणि त्यांना मुलामागें ३३३ डॉलर मिळत. कारण त्यांचीं घरेंच भारी किंमतीचीं. वरची सरकारी मदत मिळवूनही शेवटीं एका ठिकाणीं मुलामागें ३५६ डॉलर आणि दुसऱ्या ठिकाणीं ५९४. एजवुडचे पालक कोर्टांत गेले. २१ मार्च १९७३ रोजीं सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. जास्त दरानें पट्टी भरणाराच्या मुलाला कमी, आणि कमी दरानें भरणाराच्या मुलाला जास्त! पुण्याच्या शेतकऱ्यानें हें ऐकलें असतें तर त्याला आपला लोकलफंडच आठवला असता.

दुसरी गोष्ट याच्या अगदीं उलट टोकाची. मिसूरी राज्यांतील कॅन्सस सिटीच्या शाळांत काळीं मुलें बहुसंख्य. इमारती गळक्या, गोरीं मुलें उपनगरांत निघून गेलेलीं. १९८५ सालापासून तेथील संघीय न्यायाधीशानें हुकूम देऊन पैसा ओतण्यास सुरुवात केली. १९८७ सालीं घरपट्टीचा दर जवळजवळ दुप्पट करण्यांत आला. बारा वर्षांत दोन अब्ज डॉलरांच्या घरांत खर्च झाला. पंधरा नव्या शाळा, तारांगण, पाण्याखालून पाहण्याची कांच बसविलेला पोहण्याचा तलाव. या सर्व थाटाचा एक मोठा रोख असा कीं, उपनगरांतील गोऱ्या आईबापांनीं भुलून आपलीं मुलें परत आणावींत. तीं फारशीं आलीं नाहींत. आणि जीं काळीं मुलें वर्गांत बसलींच होतीं त्यांच्या वाचन-गणितांत पैशाच्या मानानें पालट पडला नाहीं. १९९५ सालीं सुप्रीम कोर्टानें या खर्चाला आळा घातला. २००० सालीं त्या शाळाजिल्ह्याची राज्याकडील मान्यताच गेली. आणि २०१० सालीं ६१ शाळांपैकीं जवळजवळ निम्म्या बंद करण्याचें मंडळानें ठरविलें.

कॅन्सस सिटीचें नांव घेऊन तेथील धनिक व त्यांचे पंडित म्हणूं लागले कीं, पैशानें शिक्षण सुधारत नाहीं, तेव्हां कर कमी करा. हें साफ लबाडीचें बोलणें आहे. जॅक्सन, जॉन्सन व पर्सिको या तीन विद्वानांनीं १९५५ ते १९८५ या काळांत जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढून २०१६ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत असें दिसलें कीं, बाराही वर्षें मुलामागें शेंकडा दहा अधिक खर्च झाला तर तीं मुलें मोठेपणीं शेंकडा सुमारें सात अधिक मजुरी मिळवितात, आणि गरिबांच्या मुलांना हा लाभ अधिक होतो. पैशानें सुधारणा होते. तलावानें होईलच असें नाहीं.

आमचें मत यावरून असें बनलें आहे. पैसा गोळा करावयाचा तो मोठ्या तिजोरींतून, सर्व राज्याच्या व देशाच्या. तो गांवाच्या ऐपतीवर सोडला तर प्रत्येक दुष्काळी तालुका एजवुड होईल. पण तो खर्च करावयाचा आणि त्याचा हिशेब द्यावयाचा तो ज्यांचीं मुलें त्या शाळेंत बसतात त्यांच्या डोळ्यांपुढें. आज आमच्याकडे नेमकें उलट होऊं पाहत आहे. दूरच्या वस्तीवरील मुलाचा खर्च करण्याची वेळ आली कीं सरकार हात आंखडतें, आणि सदऱ्याची गुंडी कोणत्या रंगाची असावी हें ठरविण्यास मात्र त्याला पुरेपूर फुरसत असते.

लहान शाळांबद्दल आमचा हट्ट नाहीं. जेथें दोन शाळा एकाच गांवांत हाकेच्या अंतरावर आहेत, मध्यें ओढा नाहीं, घाट नाहीं, आणि गांवसभा राजी आहे, तेथें खुशाल एक करा. दोन मास्तरांचे चार होतील आणि मुलांना सोबती मिळतील. परंतु हा निर्णय अंतराच्या नकाशावरून होऊं नये. पावसाळ्यांत ती वाट पायांनीं चालून पाहिलेल्या माणसानें करावा.

आतां पालकांना थोडें सांगावयाचें आहे. शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती आहे. तिच्या सभासदांपैकीं शेंकडा ७५ पालक असले पाहिजेत आणि एकूण निम्म्या स्त्रिया. शाळेस आलेलें अनुदान कसें खर्च झालें यावर देखरेख करणें हें तिचें काम कायद्यांतच लिहिलेलें आहे. पण पुष्कळ गांवांत समिती म्हणजे सह्यांचें रजिस्टर! हेडमास्तर घरीं वही पाठवितात आणि सभासद चुलीपाशीं बसून सही करतो. सभेला गेल्यास रोज बुडतो हें आम्ही जाणतों. म्हणून सभा रात्रीं किंवा बाजाराच्या दिवशीं ठेवा असा आग्रह धरावा. मास्तरांची थोडी गैरसोय होईल, ती त्यांनीं सोसावी.

सभेंत दोन हिशेब मागावे. एक पैशाचा. दुसरा वाचनाचा. 'असर' च्या २०२४ च्या पाहणींत देशांतील खेड्यापाड्यांच्या सरकारी शाळांतील तिसरीच्या शंभर मुलांपैकीं २३ मुलांनाच दुसरीचा धडा वाचतां आला. आपल्या शाळेंत किती वाचतात, हें कळावयास कोणताही साहेब यावा लागत नाहीं. दुसरीचें पुस्तक घ्या, तिसरीचीं मुलें एकेक करून पुढें बोलवा आणि वाचावयास सांगा. ज्या आईला स्वतःला वाचतां येत नाहीं तिलाही पोर अडखळतें कीं नाहीं हें ऐकूं येतें. पैशाचा हिशेब दाखविण्यास टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा कोर्टफी स्टॅम्प लावून माहितीच्या हक्काचा अर्ज टाकावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही दहा रुपये माफ आहेत.

गणवेशाचें काम समित्यांच्या हातीं परत आलें आहे, तें पुन्हां जाऊं द्यावयाचें नसेल तर तें नीट करून दाखविलें पाहिजे. शाळा उघडण्यापूर्वींच शिंप्यास बोलावून मुलांचीं मापें घ्यावीं, कापड दोन दुकानांत भाव पाहून आणावें, आणि कापडाची व शिलाईची अशा दोन्ही पावत्या शाळेच्या ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यास वाचतां येतील अशा उंचीवर, चिकटवून ठेवाव्या.